४३–३७ : मार्टिना, ख्रिस आणि न मिटलेला वाद

टेनिसमधल्या मोठ्या जोड्यांची चर्चा निघाली की हल्ली ती फेडरर, नदाल आणि जोकोविच या तिघांभोवतीच घुटमळते. फेडरर आणि नदाल एकमेकांसमोर ४० वेळा उभे राहिले, त्यात नदाल २४–१६ असा पुढे. नदाल आणि जोकोविच यांचे ६० सामने झाले, तिथे जोकोविचची आघाडी ३१–२९. आकडे मोठेच आहेत. पण ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा ८० वेळा भिडल्या आणि त्यातले ६० सामने अंतिम फेरीचे होते. मार्च १९७३ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालेलं हे प्रकरण नोव्हेंबर १९८८ मध्ये शिकागोत संपलं. शेवटचा हिशेब मार्टिना ४३, ख्रिस ३७. एकेरीतली ग्रँड स्लॅम विजेतेपदं मात्र दोघींची सारखी, प्रत्येकी १८.

मग श्रेष्ठ कोण? आकडा समोर असताना हा प्रश्न विचारण्याचं कारण काय, असं कोणी म्हणेल. कारण असं की हा आकडा ज्याने त्याने आपल्या सोयीने वाचला आहे. मार्टिनाचे चाहते ४३–३७ वर बोट ठेवून उठून जातात. ख्रिसचे चाहते खुर्ची सोडत नाहीत. कोणत्या कोर्टावर, कोणत्या वयात, कोणत्या रॅकेटने, असे प्रश्न ते एकामागून एक काढत बसतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि दोन्ही बाजू आपल्याला अडचणीचं तेवढं सोडून देतात.

आपल्याकडच्या मतांचा तोलही या बाबतीत आधीपासून थोडा कललेला आहे. ऐंशीच्या दशकात मराठी घरांत ही जोडी ओळखीची झाली ती मुख्यतः दूरदर्शनवरच्या विम्बल्डनमुळे. पॅरिसच्या फ्रेंच ओपनचा निकाल दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचायचा, विम्बल्डन डोळ्यांनी पाहायचं. विम्बल्डनच्या हिरवळीवर दोघी ९ वेळा भेटल्या, त्यात ७ वेळा मार्टिना जिंकली. अंतिम सामने पाच झाले, १९७८, १९७९, १९८२, १९८४ आणि १९८५ साली, आणि पाचही मार्टिनाचे. म्हणजे आपण पाहिलेली ख्रिस ही बहुतेक वेळा हरणारी ख्रिस होती. सामना संपल्यावर हसून हात मिळवणारी, टापटीप, शांत बाई. ती लाल मातीवर काय करू शकते हे पाहिलेलं नसताना तिच्याबद्दल मत बनवणं म्हणजे गवयाचा फक्त एक राग ऐकून त्याची बैठक जोखणं.

तेव्हा आधी कोर्टांचा हिशेब. मातीवर ख्रिस ११–३ अशी पुढे आहे, हिरवळीवर मार्टिना १०–५. हार्ड कोर्टवर फरक किरकोळ, तोही मार्टिनाच्या बाजूने. खरी तफावत पडते ती बंदिस्त सभागृहांत अंथरलेल्या कार्पेटवर. दोघींच्या ८० सामन्यांपैकी जवळजवळ निम्मे या कार्पेटवर झाले आणि तिथे मार्टिनाने ख्रिसला चांगलंच मागे टाकलं. हे सामने बाजूला काढले तर बाकीच्यांत दोघी जवळपास बरोबरीत येतात, किंबहुना ख्रिसच केसभर पुढे राहते. ख्रिसच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे. चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा उघड्या आकाशाखाली होतात, वारा आणि ऊन सोसत. मग वातानुकूलित सभागृहातल्या, वेगवान, चेंडू खाली ठेवणाऱ्या गालिच्यावरचे विजय शिखर ठरवताना धरायचे कशाला?

मुद्दा ऐकायला पटतो, पण त्या काळचं महिला टेनिस कशावर जगत होतं हे पाहिलं की त्याची धार कमी होते. व्हर्जिनिया स्लिम्स या सिगारेट कंपनीच्या पैशावर १९७० नंतर जो व्यावसायिक दौरा उभा राहिला, त्याचा कणा म्हणजे अमेरिकेतल्या हिवाळ्यातल्या या बंदिस्त स्पर्धा. शहराशहरांत सभागृह भाड्याने घ्यायचं, गालिचा अंथरायचा, आठवडाभर तिकिटं विकायची आणि पुढच्या गावी निघायचं. खेळाडूंची पोटं या दौऱ्यावर भरत होती आणि पुरुषांच्या बरोबरीने पैसा मागायची ताकदही महिलांना त्यातूनच आली. एकट्या शिकागोत मार्टिनाने एकेरीची १२ विजेतेपदं मिळवली. ख्रिसही या दौऱ्यावर नियमाने खेळली आणि कार्पेटवर मार्टिनाला तिने बऱ्याचदा हरवलंही. ज्या कोर्टावर दोघींनी आपली निम्मी कारकीर्द काढली, ते नंतर कालबाह्य झालं म्हणून हिशेबातून खोडता येत नाही. नाहीतर फेडररच्या चाहत्यांनाही नदालचे मातीवरचे विजय खोडायची परवानगी द्यावी लागेल, आणि तो हिशेब कुठे जाऊन थांबेल ते सांगता येत नाही.

तरी ४३–३७ हा एकच आकडा धरला तर गोष्टीतली सगळ्यात मोठी उलथापालथ नजरेतून सुटते. पहिल्या २५ सामन्यांत ख्रिस २१ वेळा जिंकली होती. उरलेल्या ५५ सामन्यांत मार्टिना ३९, ख्रिस १६. ही एक स्पर्धा नव्हतीच. पाठोपाठ लागलेल्या दोन एकतर्फी लढती होत्या, आणि त्या दोहोंच्या कडांना खरी चुरस होती.

पहिल्या लढतीत वरचढ बाजू कोणती हे उघड आहे. ख्रिस फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलची. वडील जिमी एव्हर्ट सार्वजनिक बागेतल्या मातीच्या कोर्टांवर टेनिस शिकवायचे. मुलगी इतकी लहानखुरी की एका हाताने बॅकहँड मारायची ताकद नव्हती, म्हणून दोन्ही हातांनी धरायची. तीच सवय पुढे जगभरच्या पोरींनी उचलली. १९७१ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचली आणि अमेरिकेच्या गळ्यातला ताईत झाली. मातीवर तिने १९७३ ते १९७९ दरम्यान सलग १२५ सामने जिंकले. १९७४ ते १९८६ या तेरा वर्षांत किमान एक ग्रँड स्लॅम नाही असं एकही वर्ष गेलं नाही.

मार्टिना तिच्यापेक्षा सुमारे दोन वर्षांनी लहान. प्रागजवळच्या रेवनित्से गावात वाढलेली, सावत्र वडिलांनी घडवलेली डावखुरी. तिची आजीही आपल्या काळातली नावाजलेली टेनिसपटू होती. १९७५च्या यूएस ओपनमध्ये उपांत्य फेरीत ख्रिसकडून हरली आणि त्याच दिवशी संध्याकाळी न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन तिने अमेरिकेत आश्रय मागितला. वय अठरा. घरचे तिकडे, परतीचा रस्ता बंद. पुढची काही वर्षं तिचं वजन वाढलं, तोल ढळायचा, हातातले सामने निसटायचे. त्या काळातल्या पराभवांचं खापर निव्वळ खेळावर फोडणं अन्यायाचं ठरेल. ख्रिस त्या वेळी तिच्याशी मायेने वागली. दोघींनी मिळून १९७५ मध्ये पॅरिसला आणि १९७६ मध्ये विम्बल्डनला दुहेरीचं विजेतेपद घेतलं. पण थोड्याच काळात ख्रिसने ही जोडी मोडली, कारण रोज बरोबर खेळून मार्टिनाला तिचा खेळ नको तितका कळायला लागला होता. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ख्रिसच्या शांत चेहऱ्यामागचा हिशेबीपणा पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दुसरी लढत सुरू व्हायच्या आधी एक जबर मार बसला. एप्रिल १९८१, फ्लोरिडातलं अमेलिया आयलंड, माती, अंतिम सामना. ख्रिसने मार्टिनाला ६–०, ६–० असं झोपवलं. त्याच सुमारास बास्केटबॉलपटू नॅन्सी लिबरमन मार्टिनाच्या आयुष्यात आली आणि तिने मार्टिनाला कामाला जुंपलं. धावणं, वजनं उचलणं, बास्केटबॉल. रिने रिचर्ड्स या नेत्रतज्ज्ञ असलेल्या माजी खेळाडूने डावपेच शिकवले. खाणंपिणं तोलूनमापून ठरवायला आहारतज्ज्ञ आला. आज अकरा वर्षांच्या पोरीच्या आईवडिलांनाही या गोष्टी ठाऊक असतात. तेव्हा महिला टेनिसमध्ये असं कोणी करत नव्हतं. लिबरमनचं आणखी एक म्हणणं होतं की ख्रिसशी मैत्री ठेवून तिला हरवता येणार नाही. मार्टिनाने ते ऐकलं. काही वर्षं दोघींमधला गोडवा आटला.

मग जे झालं ते टेनिसच्या इतिहासात क्वचित घडलं असेल. १९८३ मध्ये मार्टिनाने ८६ सामने जिंकले आणि फक्त एक गमावला. १९८४ मध्ये सलग ७४ जिंकले. डिसेंबर १९८२ नंतरच्या दोन वर्षांत ख्रिसला तिच्याविरुद्ध एकही सामना जिंकता आला नाही, सलग १३ पराभव. १९८४च्या विम्बल्डनला दोघी ३०–३० अशा बरोबरीत आल्या आणि त्याच वर्षीच्या यूएस ओपनला मार्टिना पहिल्यांदा पुढे गेली. ४–६, ६–४, ६–४. पहिल्या भेटीनंतर अकरा वर्षांनी.

ख्रिसची बाजू मांडणारे इथे रॅकेटचा मुद्दा काढतात. ख्रिसने लाकडी रॅकेट सोडून ग्राफाइट हातात घेतलं ते १९८४च्या सुमारास, मार्टिना त्याआधीच नव्या रॅकेटवर गेली होती. मुद्दा खोटा नाही, पण ग्राफाइटचं दुकान दोघींनाही उघडं होतं. नवी वस्तू लवकर ओळखणं हाही खेळाचाच भाग. शिवाय ख्रिसनेही नंतर व्यायामशाळा धरली, वजनं उचलली, आणि तसं केल्यावर ती पुन्हा जिंकायला लागली. म्हणजे मार्टिनाने वाट दाखवली आणि ख्रिसने ती चालायची जिद्द ठेवली. दोन्हींचं श्रेय ज्याचं त्याला.

आता एक गोष्ट तागडीतून काढून टाकावी लागेल, ती म्हणजे प्रेक्षकांच्या टाळ्या. त्या बहुतेक ख्रिसलाच मिळायच्या आणि त्याचं कारण टेनिसमध्ये शोधून सापडणार नाही. ख्रिस गोरी, नाजूक, अमेरिकन, लग्न करून ख्रिस एव्हर्ट-लॉईड झालेली. मार्टिना परदेशी, पिळदार दंडांची, आणि १९८१ पासून आपलं स्त्रियांवर प्रेम आहे हे जगजाहीर झालेली. त्या वर्षी तिला अमेरिकन नागरिकत्व मिळालं, पण प्रेक्षकांनी तिला आपली म्हणायला वेळ लावला. १९८१च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात ट्रेसी ऑस्टिनकडून हरल्यावर प्रेक्षकांनी तिच्यासाठी जोरदार टाळ्या वाजवल्या तेव्हा ती कोर्टावरच रडली. जाहिरातींचे करार तिच्या वाट्याला तिच्या यशाच्या मानाने फार कमी आले. वार्ताहर तिच्या ताकदीबद्दल असं लिहायचे की जणू बाईने ताकदवान असणं ही लबाडी आहे. ख्रिसच्या बाजूने सांगायला हवं की या कुजबुजीत ती कधी सामील झाली नाही, उलट मार्टिनाची बाजू घेऊन बोलली. पण चांगुलपणाचे गुण स्कोअरकार्डावर लिहिता येत नाहीत. ख्रिसची बाजू घेताना आपण तिच्या खेळाबद्दल बोलतो आहोत की तिच्या प्रतिमेबद्दल, हे एकदा स्वतःला विचारलेलं बरं.

याउलट मार्टिनाच्या बाजूनेही एक गोड समजूत पसरली आहे की दोघींनी एकमेकींना घडवलं, त्यामुळे जिंकलं कोण हा प्रश्नच फिजूल. ही समजूत ऐकायला सोज्वळ आहे आणि दोघीही मुलाखतींतून ती आनंदाने सांगतात. मला ती अर्धीच पटते. मार्टिनाला ख्रिसने घडवलं हे खरं. समोर ती भिंत नसती तर अमेलिया आयलंडनंतरचं सगळं घडलंच नसतं. पण मार्टिनाने ख्रिसला घडवलं की जवळजवळ संपवलं? सलग १३ पराभव पचवून, तिशीला टेकलेली, सगळं मिळवून बसलेली बाई निवृत्त झाली असती तर कोणी बोट ठेवलं नसतं. ती टिकली याचं श्रेय प्रतिस्पर्ध्याला देणं म्हणजे तिच्या चिवटपणाचं श्रेय तिच्याकडून काढून घेणं. आणि १९८३, १९८४ या दोन वर्षांत बघणाऱ्यांना चुरस म्हणावी असं फारसं काही दिसलंच नाही. १९८३च्या यूएस ओपनचा अंतिम सामना ६–१, ६–३. १९८४च्या पॅरिसचा ६–३, ६–१, आणि तोही मातीवर, ख्रिसच्या माहेरी. लोक कंटाळले होते हे कबूल करायला हरकत नाही.

म्हणून पुढच्या वर्षीच्या पॅरिसकडे जरा निवांत पाहायला हवं. ८ जून १९८५. मार्टिनाचा खेळ समजून घेतला तर हा सामना किती अवघड होता ते कळतं. डाव्या हाताने ती डाव्या बाजूच्या कोर्टात बाहेर वळणारी सर्व्हिस टाकायची, ख्रिसला रेषेबाहेर खेचायची आणि त्याच झोकात जाळ्यापाशी धावत येऊन रिकाम्या जागेत व्हॉली सोडून द्यायची. हिरवळीवर आणि कार्पेटवर तो चेंडू घोट्याशी खेटून जातो, परतवायला वेळच मिळत नाही. मातीवर तोच चेंडू उसळतो, क्षणभर रेंगाळतो. तेवढ्या क्षणभरात ख्रिस पाय रोवून उभी राहायची आणि दोन्ही हातांनी मार्टिनाच्या बाजूने चेंडू काढून द्यायची, नाहीतर तिच्या डोक्यावरून लॉब उचलायची. पहिला सेट ख्रिसने ६–३ असा घेतला, दुसरा टायब्रेकमध्ये गेला तो मार्टिनाकडे. तिसऱ्या सेटमध्ये ५–५ असताना ख्रिस स्वतःच्या सर्व्हिसवर शून्य-चाळीस अशी मागे होती. तिथून सामना गेलाच असं कोणीही म्हटलं असतं. तिने एकेक गुण ओढून काढला, गेम राखला, आणि पुढच्या गेममध्ये मार्टिना जाळ्याकडे झेपावत असताना रेषेला धरून बॅकहँडचा पासिंग शॉट मारून सामना संपवला. ७–५. तिचं वय तेव्हा तीस. क्रमवारीतलं पहिलं स्थान तिच्याकडे परत आलं आणि त्या वर्षीच्या विम्बल्डनला दोघींना मिळून पहिलं मानांकन देण्याची वेळ आयोजकांवर आली. विम्बल्डन अर्थात मार्टिनाने जिंकलं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या अंतिम सामन्यात दोघी पुन्हा समोरासमोर आल्या आणि पहिला सेट २–६ असा गमावूनही ख्रिसच जिंकली. तिचं ते अठरावं आणि शेवटचं ग्रँड स्लॅम.

या दोघींच्या थोरवीचा भार ज्यांच्या खांद्यांवर पडला त्यांचाही विचार व्हावा. डिसेंबर १९८१च्या ऑस्ट्रेलियन ओपनपासून १९८५च्या विम्बल्डनपर्यंत लागोपाठ १५ ग्रँड स्लॅम या दोघींनीच वाटून घेतल्या. हाना मांडलिकोवा, पॅम श्रायव्हर, अँड्रिया येगर यांच्यासारख्या गुणी खेळाडूंना अंतिम फेरीच्या अलीकडेच थांबावं लागायचं, आणि पोहोचल्या तरी सहसा हात रिकामेच राहायचे. पुढे स्टेफी ग्राफ आली आणि तिने १९८७ पासून हे दोघींचं राज्य मोडलं, तेव्हा खेळाला मोकळा श्वास मिळाला हेही खरं. मोठी जोडी खेळाला प्रेक्षक मिळवून देते, तशीच बाकीच्यांची हवाही शोषून घेते. या बाबतीत त्या दोघींना दोष देण्यात अर्थ नाही. स्वतः मांडलिकोवाने १९८५च्या यूएस ओपनमध्ये उपांत्य सामन्यात ख्रिसला आणि अंतिम सामन्यात मार्टिनाला हरवून दाखवलंच होतं की हा दरवाजा कुलूपबंद नाही.

मग कौल कुणाला? इथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात, आणि सगळी भांडणं ते एकत्र केल्यामुळे होतात.

पहिला प्रश्न, अधिक स्थिर, अधिक भरवशाची खेळाडू कोण? यावर माझं मत ख्रिसच्या बाजूने. ती एकेरीच्या ५६ ग्रँड स्लॅम स्पर्धा खेळली, त्यातल्या ५२ मध्ये किमान उपांत्य फेरी गाठली, ३४ मध्ये अंतिम. इतकी वर्षं इतकी कमी घसरण दुसऱ्या कुणाच्या नावावर दाखवायला मी तयार नाही. तिचे चाहते याच्याही पुढे जातात. १९७६ ते १९७८ ही तीन वर्षं वर्ल्ड टीम टेनिससाठी तिने पॅरिस सोडलं, आणि तेव्हा ती मातीवर अजिंक्य होती. ती तीन विजेतेपदं तिच्या खात्यात धरा, असं ते म्हणतात. इथे मी थांबतो. न खेळलेले सामने तागडीत टाकायचे म्हटले तर निर्वासित होऊन मार्टिनाने गमावलेली वर्षंही दुसऱ्या पारड्यात टाकावी लागतील, आणि त्यांचं वजन कोण करणार?

दुसरा प्रश्न, या जोडीत जिंकली कोण? इथे मार्टिनाच. आणि ते ४३–३७ मुळे नाही, कारण तो आकडा कोर्ट बदललं की बदलतो. ग्रँड स्लॅमच्या अंतिम सामन्यांत दोघी १४ वेळा भेटल्या. मार्टिना १०, ख्रिस ४. ख्रिसच्या चार विजयांपैकी तीन पॅरिसच्या मातीवरचे, एक मेलबर्नच्या हिरवळीवरचा. विम्बल्डन आणि यूएस ओपन, म्हणजे जिथे सगळं जग पाहत होतं तिथे, अंतिम सामन्यात ती मार्टिनाला एकदाही हरवू शकली नाही. आणि मार्टिनाने हे केलं ते ४–२१ अशा खड्ड्यातून वर येऊन. ख्रिसने तिचा मान एकदा मोडला होता, तो तिने परत उभा केला. ख्रिसला असं कधी करावं लागलं नाही असा आक्षेप येईल. पॅरिसच्या त्या दोन विजयांकडे पाहता हा आक्षेप पुरता खरा नाही, पण प्रमाणाचा फरक राहतोच.

मार्टिनाच्या बाजूने आणखी एक गोष्ट सहसा धरली जाते ती म्हणजे तिची लांबलचक कारकीर्द. दुहेरी आणि मिश्र दुहेरी धरून ५९ ग्रँड स्लॅम. २००३ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मूळ गोव्याच्या पेस घराण्यातल्या लिएंडरबरोबर तिने ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली, तेव्हा मडगावपासून मुंबईपर्यंत तिचं कौतुक झालं. ते कौतुक रास्त होतं. पण ते या प्रश्नात आणू नये. ख्रिस १९८९ मध्ये बाजूला झाली होती, आणि जी खेळतच नाही अशा खेळाडूवरचा विजय कसा मोजणार?

मैत्रीचा धागा दोघींनी पुन्हा जोडला. १९८६ मध्ये फेडरेशन कपसाठी मार्टिना अकरा वर्षांनी प्रागला परतली. कोर्टावर तिचं नाव घ्यायचीही तिथल्या यंत्रणेला लाज वाटत होती. अमेरिकेच्या त्या संघात ख्रिसही होती. गुडघा दुखत असतानाही ती आली, कारण मार्टिनाच्या त्या परतीच्या वेळी तिला तिच्या बाजूला उभं राहायचं होतं. अमेरिकेने चेकोस्लोव्हाकियाला अंतिम फेरीत ३–० असं हरवलं. त्याच वर्षीच्या नाताळात मार्टिनाने ख्रिसला अ‍ॅस्पेनला बोलावलं आणि तिथेच ख्रिसची तिच्या होणाऱ्या दुसऱ्या नवऱ्याशी गाठ पडली. अलीकडे दोघींनाही कर्करोगाशी झुंजावं लागलं तेव्हा त्या एकमेकींच्या आधाराला होत्या. आणि २०२४ च्या जानेवारीत महिलांच्या हंगामाची अखेरची स्पर्धा सौदी अरेबियाला नेऊ नका, असं त्यांनी एकत्र लेख लिहून बजावलं. माजी विजेती बिली जीन किंग मात्र तिकडे जाऊन संवाद साधावा या मताची होती. शेवटी स्पर्धा रियाधलाच गेली. या वादात मी मार्टिना आणि ख्रिसच्या बाजूचा आहे, पण किंगचं म्हणणंही ऐकण्याजोगं आहे. महिला टेनिस ज्या पैशावर उभं राहिलं तो सिगारेट कंपनीचा होता, हे त्या तिघींनाही ठाऊक आहे.

मूळ वादात माझा कौल मार्टिनाला, आणि त्याला एक अपवाद जोडून ठेवतो. दोघी ऐन भरात आहेत, कोर्ट पॅरिसचं आहे, तिसऱ्या सेटमध्ये बरोबरी आहे आणि कोणी पैज लावायला सांगितलं, तर पैसे ख्रिसवर लावीन.